पंचाची भरपाई

माझा भाऊ बार्तुल जानेवारीच्या सतरा तारखेला गेला आणि त्याच्या निधनाची पत्रकं गावात मीच लावली. दुसरं कोण लावणार? चर्चची घंटा वाजवणं, वेदीवर सांडलेलं मेण खरवडणं आणि कोणी गेलं की काळ्या चौकटीची पत्रकं गावभर लावणं, ही तिन्ही कामं नगरपालिकेतून निवृत्त झाल्यापासून माझ्याकडे आहेत. जागा सात. चर्चचा फळा, बेकरी, पोस्ट, दुकान, धक्का, बसथांबा आणि स्मशानाचं फाटक. चार कोपऱ्यांना चार पिना.

पत्रकावर वर क्रूस असतो, मधे फोटो, आणि खाली शोकाकुल मंडळींची नावं. आमच्याकडे लोक फोटोवरून नुसती नजर फिरवतात आणि नावं मात्र चष्मा लावून वाचतात. कोणाचं नाव आधी आलं, कोणाचं खाली ढकललं, कोणत्या जावयाला गाळलं. बार्तुलच्या पत्रकावर होतं: पत्नी नेवेन्का, मुलगा तोमा, सून, नातू आणि इतर नातेवाईक. भाऊ नव्हता. बार्तुलला भाऊ एकच. तो बेकरीच्या भिंतीवर पिना मारत होता.

मला काही वाटलं नाही. दाताच्या डॉक्टरने सुई दिल्यावर गाल कसा होतो, आपलाच असतो पण चावला तरी कळत नाही, तसा मी आतून झालो होतो. अंत्यविधीला घंटा मीच वाजवली. स्मशानात घरची माणसं रांगेत उभी राहिली आणि गाव एकेकाचा हात हातात घेत पुढे सरकलं. मी घंटेच्या दोरापाशी थांबलो. माझा हात कोणी धरला नाही. यादीत नाव नसलेल्या माणसाचं सांत्वन करायचं की नाही हे कोणालाच ठरवता आलं नसणार. मला रडू आलं नाही. त्यानंतर सहा महिने आलं नाही.

आता जुलैच्या सतरा तारखेला बार्तुलची सहा महिन्यांची मिस्सा, म्हणजे त्याच्या आत्म्यासाठी चर्चमधली प्रार्थना होती, आणि मिस्साच्या आधी पुन्हा पत्रक निघतं. पुन्हा फोटो, पुन्हा नावं. मला दुसरं काही नको होतं. त्या पत्रकावर माझं नाव हवं होतं. ते घालायचं की नाही हे नेवेन्का वहिनीच्या हातात होतं, आणि ती माझ्याशी बोलत नव्हती. रस्त्यात समोर आली तर फक्त म्हणायची, "पंचसाहेब." गेली बारा वर्षं मी तिच्यासाठी पंचसाहेब होतो.

त्याचं कारण गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. बारा वर्षांपूर्वी, ऑगस्टात मेरीमातेच्या सणाच्या आठवड्यात, बेटाच्या लीगचा शेवटचा सामना होता. आम्ही विरुद्ध वरचं गाव. आम्हाला बरोबरी पुरत होती, तेवढ्यावर तीस वर्षांनी लीग गावात येणार होती. बार्तुल गोलकीपर, वय चव्वेचाळीस, त्याचा शेवटचा सामना. दक्षिणेचा वारा सुटला, बोट लागली नाही आणि मुख्य भूमीवरून यायचा पंच तिकडेच अडकला. पंचाचा परवाना बेटावर फक्त माझ्याकडे होता, त्यावर नाव येरोलिम, गावाच्या तोंडी येरको. मी नको म्हणत होतो. वरच्या गावाचाच कप्तान म्हणाला, "येरकोच असू दे. तो सरळ माणूस आहे."

सामना शून्य-शून्य राहिला. नव्वद मिनिटं झाली, मी चार बोटं वर केली, म्हणजे वाया गेलेल्या वेळाबद्दल चार मिनिटं जादा. चौथ्या मिनिटाला आमच्या शिमेने त्यांच्या पोराला आडवा पाय घातला. मी पेनल्टी दिली. बार्तुलने त्या दिवशी सगळं अडवलं होतं, ही मात्र त्याच्या बोटांना लागून आत गेली. मी शिट्टी वाजवली आणि सामना संपला. बार्तुल हातमोजे काढत माझ्याजवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "चार मिनिटं कुठून आणलीस रे?"

मी म्हणालो, "पंचाला विचारायचं नसतं."

हे आमचं शेवटचं बोलणं. पाय घालणाऱ्या शिमेला गावाने त्याच संध्याकाळी माफ केलं. त्याने नंतर दुकान टाकलं, आणि आज सगळे त्याच्याकडूनच भाकरीचं पीठ घेतात.

तर त्या उन्हाळ्यात रशियात वर्ल्ड कप चालू होता आणि आमचं एवढंसं क्रोएशिया जिंकत सुटलं होतं. गाव वेडं झालं होतं. बुद्धिबळाच्या पटावर असतात तसे लाल-पांढरे चौकडे जिथे तिथे, म्हाताऱ्यांच्या डोक्यावर, गाढवाच्या पाठीवर, एवढंच काय, पोस्टाच्या पेटीवरसुद्धा. सगळ्यात वेडे झाले होते आमचे फादर ल्युबो. हे फादर आतल्या मुलखातले, उभ्या आयुष्यात चेंडूला पाय लावलेला नाही, बुद्धिबळ खेळणारा माणूस. पण चर्चला कोणी फिरकत नाही आणि टीव्हीसमोरून कोणी हलत नाही हे त्यांनी पाहिलं आणि ठरवलं की मासे जिथे आहेत तिथे जाळं टाकायचं. चर्चच्या अंगणात त्यांनी चादरीचा पडदा बांधला, प्रोजेक्टर आणला, आणि फाटकाशी फळा लावला. त्यावर रोज खडूने फुटबॉलमधला एक धडा. 'ऑफसाइड: देवाच्या पुढे धावू नका.' 'पिवळं कार्ड: छोटं पाप. दोन साठली की मोठं होतं.' एक दिवस लिहिलं, 'गोलकीपरला हात वापरता येतात, तुम्ही जोडा.' ते वाचून शिमे आठवडाभर हसत होता.

नियम विचारायला ते माझ्याकडे यायचे. जुलैच्या पहिल्या आठवड्यात गुरुवारी मी वेदीवरचं मेण काढत होतो, तेव्हा वही घेऊन आले.

"येरको, डेन्मार्कशी आपण जिंकलो ते जादा वेळात ना?"

"जादा वेळ संपून मग पेनल्टीवर."

"तेच. तर तो जादा वेळ म्हणजेच पंचाची भरपाई?"

"नाही फादर. जादा वेळ वेगळा, भरपाई वेगळी. बरोबरी झाली की अर्धा तास जादा खेळायचा, तो नियमच आहे. भरपाई म्हणजे कोणी पडलं, कोणी बदललं, त्यात जो वेळ गेला तो पंच शेवटी परत देतो. दोन मिनिटं, तीन मिनिटं."

"पंच परत देतो!" फादरांचे डोळे चमकले. "अरे, मग रविवारचं प्रवचन तयारच झालं की."

आमच्या भाषेत मैदानावरच्या पंचाला आणि कोर्टातल्या न्यायाधीशाला शब्द एकच. आकाशातल्यालाही तोच. म्हणून फादर काय करणार हे मला तिथेच कळलं, आणि मी मेण खरवडत राहिलो.

आठ तारखेचा रविवार होता. आदल्या दिवशी आपण रशियाला हरवलं होतं, पुन्हा पेनल्टीवर, त्यामुळे चर्च भरलं होतं. माणसांच्या तोंडाला अजून बिअरचा वास येत होता. फादर म्हणाले, आयुष्यात आपण वेळ वाया घालवतो. रुसण्यात घालवतो, भांडणात घालवतो, आजारात जातो. पण वर एक पंच आहे. त्याचं घड्याळ सगळं टिपून ठेवतं. शेवटी तो हात वर करतो आणि म्हणतो, घे, तुझा गेलेला वेळ परत घे. येशूच्या शेजारी क्रुसावर टांगलेला आणि शेवटच्या घटकेला स्वर्ग मिळालेला तो चोर आठवा. नव्वद मिनिटं हरलेला माणूस. भरपाईच्या वेळात जिंकला!

लोकांनी टाळ्या वाजवल्या. आमच्या चर्चमध्ये टाळ्या वाजवत नाहीत. पहिल्या बाकावर काळ्या कपड्यांत नेवेन्का वहिनी बसली होती. तिने हात मांडीवरच ठेवले आणि एकदाच मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

मिस्सा झाल्यावर मी फादरांचा झगा घडी घालत म्हणालो, "फादर, चुकलं तुमचं."

"पुन्हा जादा वेळ म्हणालो की काय?"

"ते नाही. भरपाई ही काही दया नसते. गेलेला वेळ मोजायचा आणि तेवढाच द्यायचा. पंचाच्या खिशातला वेळ नाही तो. जास्त दिला तर दुसऱ्याकडून चोरलेला असतो."

"देवाकडे कसली चोरी! त्याने जास्त दिला तर चांगलंच आहे."

"ज्याच्या गोलमध्ये चेंडू जातो त्याला विचारा."

फादर माझ्याकडे बघत राहिले. माणूस चांगला, पण अशा वेळी त्याच्या डोक्यात लगेच प्रवचनच शिजायला लागतं. "हे छान आहे," ते म्हणाले. "हे लिहून घेऊ का?"

"नका घेऊ," मी म्हणालो आणि घंटेकडे गेलो.

कारण खरी गोष्ट मी एकट्याने बारा वर्षं गिळून ठेवली होती. पेनल्टी बरोबर होती. आजही देईन. चूक वेळ मोजण्यात होती. दुसऱ्या अर्ध्यात वरच्या गावाच्या पोराच्या पोटरीला गोळा आला होता आणि त्याला बाहेर नेईपर्यंत मी घड्याळ पाहायचंच विसरलो होतो. नंतर मनात हिशेब केला तेव्हा दोन मिनिटं भरली. फार तर दोन. आणि हात वर करताना मला वरच्या गावाचे चेहरे दिसले, आणि वाटलं, दोन दिली तर म्हणतील भावासाठी कापली. सरळ माणूस म्हणाले होते ना ते मला! मी चार बोटं वर केली. माझ्या सरळपणासाठी मी माझ्या भावाला लुबाडलं. कबुलीच्या खिडकीशी मी शिव्या सांगितल्या, आळस सांगितला, एकदा शेजारणीकडे बघितलेलंही सांगितलं. हे कधी सांगितलं नाही. बार्तुल मागच्या ऑगस्टात आजारी पडला तेव्हा रोज वाटायचं, जावं आणि सांगावं. त्याचं घर माझ्या दारापासून शंभर पावलांवर आहे. मी मोजली आहेत.

इंग्लंडलाही आपण जादा वेळात हरवलं आणि फायनल आली. रविवार, पंधरा तारीख, संध्याकाळचे पाच. सकाळच्या मिस्सात फादरांनी सूचना वाचल्या: फायनलनंतर अंगण झाडायला माणसं हवी आहेत, आणि मंगळवारी बार्तुलच्या आत्म्यासाठी सहा महिन्यांची मिस्सा. म्हणजे पत्रकं सोमवारी लावायची. म्हणजे ती छापून झाली असणार. मी वहिनीकडे पाहिलं. ती जपमाळ पिशवीत टाकत होती.

पाच वाजता अख्खं गाव अंगणात. मी भिंतीला टेकून उभा होतो. गाव ओरडत होतं तेव्हा मी ओरडलो नाही. पहिला गोल आपल्याच माणसाच्या डोक्याला लागून आपल्यात गेला, तेव्हाही मला काही झालं नाही, आणि आपण बरोबरी केली तेव्हा शिमेने मला मिठी मारली तर त्याचा घाम तेवढा माझ्या शर्टाला लागला. आनंद बाकीच्यांचा होता.

मग ते झालं. आपल्या गोलसमोर चेंडू आला, आपल्या माणसाच्या हाताला लागला की नाही लागला, पंचाने काही दिलं नाही. फ्रान्सवाले त्याच्याभोवती गोळा झाले. त्याने कानाला बोट लावलं, कोणी काही सांगितलं असेल, आणि तो मैदानाच्या कडेला टीव्हीचा पडदा ठेवला होता तिकडे निघाला. अंगणात शिव्यांचा पाऊस. तो वाकून बघत राहिला. निघाला. दोन पावलं चालला, थांबला, आणि पुन्हा मागे फिरून पुन्हा बघायला लागला.

"डोळे फुटले का तुझे!" शिमे ओरडला. "किती वेळ बघतोस? नाटकी मेला!" आणि माझ्याकडे वळून, "हा बघ येरको, तुझा सख्खा भाऊ!"

चार-पाच जण हसले, मग एकदम गप्प झाले. शिमेचं तोंड उघडंच राहिलं. "तसं नाही म्हणायचं होतं मला," तो म्हणाला.

मी पडद्याकडे बघत होतो. सगळ्या जगासमोर, फायनलमध्ये, शिट्टी गळ्यात असलेला माणूस मागे फिरतो आणि आपणच दिलेला निकाल पुन्हा बघतो. मी जन्मभर पंच होतो. आमच्या वेळी पडदे नव्हते हे खरं, पण आम्हाला शिकवलंच असं होतं की दिलं ते दिलं, मागे बघायचं नाही. आणि हा बघत होता, आणि त्याचं काही कमी होत नव्हतं. त्याने हात वर केला. पेनल्टी. आपल्याविरुद्ध. गोल झाला.

फादर ल्युबो शेजारी येऊन उभे राहिले, डोक्यावरची चौकड्यांची टोपी हातात. "येरको," ते रडवेल्या आवाजात म्हणाले, "आता यात कसला धडा शोधू?"

"तो परत बघायला गेला," मी म्हणालो.

"कोण?"

पहिला अर्धा संपला. दोन-एक. लोक बिअरकडे वळले आणि मी फाटकातून बाहेर पडलो. माझ्या दारापासून पुढची शंभर पावलं चालायला पाच मिनिटं लागली. रस्त्यात मांजरंसुद्धा नव्हती.

वहिनीच्या खिडक्यांची दारं जानेवारीपासून लावलेली आहेत. दुखवटा म्हणून वर्षभर घरात गाणं नाही, टीव्ही नाही. उघड्या दारातून आत टीव्हीवर घातलेला पांढरा टेबलक्लॉथ दिसत होता. ती परसात द्राक्षांच्या मांडवाखाली बसून मांडीवर शेंगा निवडत होती. मला पाहून तिचे हात थांबले नाहीत.

"पंचसाहेब. वाट चुकलात?"

"नाही वहिनी."

"बसा मग. खुर्ची आहे." ती शेंगेची शीर ओढत राहिली. थोड्या वेळाने न राहवून म्हणाली, "किती झालेत?"

"दोन-एक. त्यांचे दोन."

"ओरडाओरड ऐकली. पेनल्टी होती का?"

"हो."

"दिली ती बरोबर होती?"

"होती. आणि बारा वर्षांपूर्वीचीही होती." माझा आवाज मला दुसऱ्याच कोणाचा तरी वाटला. "पेनल्टी बरोबर होती, वहिनी. वेळ चूक होता. दोन मिनिटं होत होती. मी चार दिली. घड्याळ बघायचं विसरलो होतो, आणि भावाला झुकतं माप दिलं असं कोणी म्हणू नये म्हणून दुप्पट दिली. पेनल्टी व्हायच्या आधीच सामना संपायला हवा होता. लीग आपली होती. बार्तुलची होती."

सांगून झालं. बारा वर्षांचं ओझं आणि सांगायला एक मिनिटही लागलं नाही. मला वाटलं होतं, सांगितलं की काहीतरी होईल, छातीत काही हलेल. काही हललं नाही.

वहिनीने शेंगांचं ताट खाली ठेवलं. "हे मला कशाला सांगतोस?"

मी खाली पडलेली एक शेंग उचलून ताटात टाकली.

"त्याला सांगायचं होतंस. पाच महिने त्या खिडकीत पडून होता. तुझं फाटक तिथून दिसतं. तू बाहेर पडलास की म्हणायचा, निघाला बघ, घंटेला निघाला. तू रोज इकडे न बघता जायचास."

"हो."

"हो काय हो! तोंडात काय मिठाची गुळणी धरली होतीस?"

"हो वहिनी. धरली होती."

चर्चच्या अंगणाकडून एक मोठं 'आह' ऐकू आलं. तीन-एक. आम्ही दोघांनी तिकडे पाहिलं आणि पुन्हा खाली पाहिलं.

"त्याला माहीत होतं," ती म्हणाली. आवाज खाली आला होता. "गोलमध्ये उभा राहून स्वतः मोजत होता तो. दोनच होती, म्हणायचा. डॉक्टरने सांगितलं ना, तीन महिने फार तर, तेव्हा मी रडायला लागले, आणि हा माणूस पलंगावरून काय म्हणाला असेल? म्हणाला, 'मोजायला येरकोला बोलव. दुप्पट देईल.'"

ती हसली. हसताना तिने ओठ दाताखाली धरला. मीही हसलो असतो, पण चेहरा ऐकत नव्हता.

"पाच काढले त्याने," ती म्हणाली. "डॉक्टरला वाटलं औषधाने. मला नाही वाटत औषधाने."

"मग मला बोलावलं का नाहीस?"

"मी का बोलावू? मी चार बोटं वर केली होती? त्याने सांगितलं होतं, आला तर येऊ दे, बोलवायचं नाही. मी दाराकडे डोळे लावून बसायची, येरको. त्याच्यापेक्षा मी जास्त." तिने डोळे काळ्या रुमालाच्या टोकाने पुसले. "म्हणून पत्रकावर नाही घातलं तुझं नाव. त्याने नव्हतं सांगितलं तसं. मीच. जो दिसला नाही त्याला कुठून लिहू?"

पुन्हा 'आह'. या वेळी बारीक. चार-एक झाले असणार. कोणीतरी कुठेतरी बाटली फोडली.

मी उठलो. जे विचारायला आलो होतो ते विचारायचं धैर्य उरलं नव्हतं, तरी म्हणालो, "उद्या पत्रकं लावायची आहेत."

"परवाच छापून आलीत," ती म्हणाली. "बोटीने."

म्हणजे झालं. छापलेलं ते छापलेलं. मी मान हलवली.

"थांब, घेऊनच जा," म्हणून ती आत गेली. बराच वेळ बाहेर आली नाही. मी तिच्या ताटातल्या शेंगा निवडत बसलो, करायला दुसरं काही नव्हतं. अंगणातून एकदम जल्लोष उठला, आपला एक गोल झाला होता, आणि ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात तपकिरी पाकीट होतं.

"आठ आहेत."

"जागा सात आहेत वहिनी."

"मला शिकवू नकोस. आठवं मैदानावर लाव. जानेवारीत तिथे कोणी लावलं नाही. तीस वर्षं त्या गोलमध्ये उभा होता तो." तिने पाकीट माझ्या हातात दिलं. "आणि सरळ लाव. बेकरीवरचं मागच्या वेळी तिरकं होतं."

सामना आपण चार-दोन हरलो. मी परत अंगणात गेलो नाही. शिट्टी वाजली तेव्हा गाव रडत होतं आणि लगेच गायलाही लागलं होतं, आमचं गाव तसंच आहे. मी पाकीट टेबलावर ठेवून झोपलो.

सोमवारी रस्ते रिकामे होते. संघ राजधानीत परत येणार होता, सगळे टीव्हीपुढे. फाटकाशी फळ्यावर फादरांनी लिहिलं होतं, 'दुसरा नंबरसुद्धा देवाचाच.' मी पाकीट फोडलं आणि वरचं पत्रक काढलं. तोच फोटो. पत्नी नेवेन्का, मुलगा तोमा, सून, नातू आणि इतर नातेवाईक. मला ठाऊकच होतं. चार पिना. बेकरी, या वेळी सरळ. पोस्ट. दुकान, तिथे शिमे बाहेर आला, पत्रक वाचलं, माझ्याकडे बघून काहीतरी बोलणार होता, मग त्याने मला थंड पाण्याची बाटली दिली आणि आत गेला. धक्का. बसथांबा. स्मशानाचं फाटक. सातही झाली. मला काही वाटलं नाही.

मैदान गावाच्या टोकाला आहे. ऊन डोक्यावर आलं होतं. फळा नाही म्हणून कपडे बदलायच्या खोपीच्या दारावर लावायचं ठरवलं, ते दार गोलच्या मागेच आहे. पाकिटात हात घातला, शेवटचं पत्रक काढलं आणि सरळ आहे का बघायला दारावर धरलं.

मुलगा तोमाच्या वरच्या मोकळ्या जागेत निळ्या पेनने एक ओळ लिहिली होती. वहिनीचं अक्षर शाळेतल्या मुलीसारखं गोल आहे, मी ते लगेच ओळखलं. पेन मधेच अडलं असणार, कारण एक अक्षर दोनदा गिरवलं होतं.

'भाऊ येरोलिम, पंच.'

मी एक पीन मारली. दुसरी मारली. तिसरी हातातून पडली, ती शोधायला खाली वाकलो आणि वर उठता आलं नाही. माझा भाऊ गेला होता. बार्तुल गेला होता. मी गोलच्या खांबाला पाठ लावून बसलो, जिथे तो उभा राहायचा तिथे, आणि तोंडावर हात न घेता मोठ्याने रडलो. तिथे ऐकायला कोणी नव्हतं आणि असतं तरी चाललं असतं, यादीत माझं नाव होतं.

किती वेळ रडलो ते विचारू नका. मी घड्याळ पाहिलं नाही.